पत्त्यांची वही कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण, थोडं आटोपतं करून)



सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे आपण गावोगाव विचारत आलो. आज तेच मला इंटरनेटबद्दल विचारायचं आहे. त्याच्या तारा आणि यंत्रं हजारो मालकांची. पण नाव टाकलं की नेमकी जागा सापडते, ती पत्त्यांच्या एका सामायिक वहीमुळे. ती वही ज्याच्या हाती, त्याची सत्ता.

एके काळी ती एका बाईकडे होती, हे आपल्याला कुणी सांगत नाही! इंटरनेटच्या आधीचं जाळं अमेरिकी लष्कराच्या पैशावर उभं राहिलं. १९७२ पासून त्याची नोंदवही एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाने कॅलिफोर्नियात सांभाळली. नावाशेवटी येणारे डॉट कॉम, डॉट ऑर्ग याच गटाने घडवले. पुढे व्यवहार वाढला, पैसा आला. १९९८ मध्ये कारभार ‘आयकॅन’ या तिथल्याच बिननफ्याच्या खाजगी संस्थेकडे गेला. वर देखरेख अमेरिकी सरकारची, तीही १ ऑक्टोबर २०१६ ला संपली.

मग वही सगळ्यांची झाली का? डॉट ऑर्गचं ऐका. जगभरच्या कितीतरी स्त्री-संघटनांचा पत्ता तिथलाच. जून २०१९ मध्ये आयकॅनने त्याच्या भाडेवाढीवरची मर्यादा काढली. मागवलेल्या सूचना बहुतेक विरोधातच होत्या, तरीही! नोव्हेंबरात जाहीर झालं की डॉट ऑर्गची नोंदणी चालवणारी संस्थाच एका गुंतवणूक कंपनीला विकणार. किंमत १ अब्ज १३ कोटी ५० लाख डॉलर. संघटनांनी सह्या जमवल्या, जानेवारीत आयकॅनच्या लॉस एंजेलिसच्या कचेरीपुढे निदर्शनं केली. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलचं विरोधाचं पत्र आलं आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. लढा जिंकला. पण त्या अधिकाऱ्याच्या पत्राचं वजन मोठं होतं, आणि त्याला निवडून देणारे मतदार कॅलिफोर्नियाचे. पुण्याच्या किंवा नैरोबीच्या बाईला त्यात मत नाही.

काहीजणी म्हणतात, मग सरकारांकडेच द्या. २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत अनेक सरकारांचीही तीच मागणी होती. मला त्याची धास्ती वाटते. मे २०२३ मध्ये मणिपूरमध्ये इंटरनेट बंद केलं. ४ मेला जमावाने बायकांची नग्न धिंड काढली. तक्रार मे महिन्यातच नोंदली गेली होती. चित्रफीत बाहेर आली १९ जुलैला, पहिली अटक २० जुलैला. (ती पसरण्यातही त्या बायकांची विटंबनाच होती, हे मी विसरलेले नाही.) अफवा थांबवायला बंदी, असं सांगतात. अफवा तोंडोतोंडीही फिरते. अडली ती साक्ष.

संयुक्त राष्ट्रसंघाचा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ पासून भरतो, २००८ मध्ये हैदराबादला भरला. तिथे बायका बोलतात, पण निर्णय होत नाहीत. आपल्याला वहीपाशी बसायचं आहे. नाव वापरणाऱ्या संघटनांना विचारल्याशिवाय ती नोंदणी विकायची नाही, भाडं वाढवायचं नाही. आणि बंदीचा आदेश कारणांसकट जाहीर झालाच पाहिजे. हे तर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या खटल्यात सांगितलंच आहे. तो खटला गुदरला संपादक अनुराधा भसीन यांनी. तेव्हा तुमच्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं, तर दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत जा आणि आदेशाची प्रत मागा. एकटी जाऊ नका, चौघीजणी जा.