एका गुणाने हरलेले



१९९५चा सप्टेंबर महिना. डब्लिनचं क्रोक पार्क मैदान खच्चून भरलेलं. गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड स्पर्धेची अंतिम लढत, डब्लिन विरुद्ध टायरोन. सामना संपत आलाय आणि टायरोन एका गुणाने मागे आहे. त्यांचा पीटर कॅनव्हन चेंडूवर झेपावतो, पडतो आणि पडल्या पडल्याच चेंडू साथीदाराकडे लोटतो. साथीदार तो आडव्या दांडीवरून मारतो. बरोबरी! पण पंच गुण देत नाहीत.

या खेळात चेंडू हातात धरून पळता येतं, पण जमिनीवरचा चेंडू थेट हाताने घ्यायचा नाही. बुटाचं टोक खाली घालून तो वर उडवायचा, मग हातात घ्यायचा. कॅनव्हनचा हात जमिनीवरच्या चेंडूला लागला, असा पंचांचा निर्णय होता. डब्लिनचे एक गोल आणि दहा गुण, म्हणजे तेरा. टायरोनचे बारा. त्या बारांतले अकरा एकट्या कॅनव्हनने केले होते. हातातोंडाशी आलेला घास गेला.

ऑल स्टार्स पुरस्कार १९७१पासून दिले जातात. त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान १९९५मध्ये सुरू झाला आणि पहिलाच मिळाला तो हरलेल्या कॅनव्हनला. मला या पुरस्काराबद्दल जिव्हाळा वाटतो तो इथपासून.

आज हा खेळाडू निवडतात ते खेळाडूच. ज्याच्या खांद्याला खांदा भिडवून, ज्याच्यामागे धावून दम लागला, त्यालाच मत द्यायचं. आणि हे सगळे हौशी खेळाडू. ब्याऐंशी हजारांच्या क्रोक पार्कवर खेळायचं, पण खेळण्याचा पगार नाही. २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा हा मान मिळवणारा केरीचा डेव्हिड क्लिफर्ड पेशाने शिक्षक आहे. सामना झाला की पुन्हा वर्गात, मुलांसमोर.

मेयो परगण्याचं दुःख तर विचारूच नका. १९५१नंतर त्यांनी अखिल आयर्लंड करंडक उचललेला नाही. २०१६ची डब्लिनविरुद्धची अंतिम लढत बरोबरीत सुटली, ती पुन्हा खेळवली आणि मेयो एका गुणाने हरलं. २०१७मध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा डब्लिन, पुन्हा एकच गुण. त्या दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू मात्र मेयोचाच ठरला: आधी ली कीगन, मग अँडी मोरन. मोरन तेव्हा तेहतीस-चौतिशीचा होता. करंडक डब्लिनला गेला, पण देशभरच्या खेळाडूंनी बोट दाखवलं ते मेयोच्या माणसाकडे.

२०२४मध्येही तेच घडलं. गॉलवेचा पॉल कॉनरॉय. २०१८मध्ये त्याचा पाय वाईट मोडला होता, तो पुन्हा उभा राहिला आणि पस्तिशीत अंतिम सामना खेळला. आर्माकडून गॉलवे एका गुणाने हरलं. मतं कॉनरॉयला पडली.

आणि कॅनव्हन? २००३मध्ये टायरोन पुन्हा अंतिम फेरीत पोचलं, तेव्हा तो कर्णधार होता. दुखरा घोटा घेऊन उतरला, मध्यंतराला बाहेर आला आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा मैदानात गेला. टायरोनचा पहिलावहिला करंडक त्या संध्याकाळी त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.