कुळाचा शोध
(अड्याळ येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



वंशावळीवर दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर मुलांना बाराखडी शिकविली. इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि काही वर्षांपूर्वी नातवाच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा झाला. त्या निमित्ताने जी दप्तरे हाती आली, ती काम झाल्यावरही आमच्याने सोडवेनात.

आपला भाग पूर्वी मध्यप्रांतात होता, हे शोध करणाऱ्यावर मोठेच उपकार होत. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी देई व त्या नोंदीत जातही लिहिली जाई. ही कोतवाल बुके आता तहसिलीच्या अभिलेख कक्षात पाहावयास मिळतात. त्यांत बालकाचे नाव बहुधा आढळत नाही, कारण वर्दी जाई तेव्हा बारसेच व्हावयाचे असे. 'अमुक वल्द तमुक, यास मुलगा', एवढ्यावरच समाधान मानावे लागते. त्याहून मागे जावयाचे तर १८६० नंतरच्या दशकातील बंदोबस्ताचे कागद आहेत. भोसलेकालीन कागदांसाठी मात्र मोडी शिकावी लागते. त्र्यंबकेश्वर व प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नयेत. आपले पूर्वज तेथे गेले असल्यास त्यांनी सांगितलेली नावे पिढ्यानुपिढ्या तेथे नोंदलेली असतात.

शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकाविषयी मात्र आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आईबापांस जन्मतिथी सांगता येत नसे. 'पोळ्याच्या आगेमागे झाला', एवढेच ते म्हणत, आणि आम्ही १ जुलै मांडून मोकळे होत असू. इतक्यावर थांबलो असतो तरी बरे होते. एका विद्यार्थ्याचे आडनाव आम्हांस गावंढळ वाटले, म्हणून आम्ही ते 'शुद्ध' करून लिहिले. त्याचा थोरला भाऊ पूर्वीच्या गुरुजींच्या हातून जुन्याच नावाने दाखल झालेला होता. पुढे पडताळणीत दोन सख्खे भाऊ दोन कुळांचे ठरू लागले! तो गृहस्थ कागद घेऊन आमच्या ओसरीवर आला, तेव्हा अक्षर आमचेच होते. आम्ही शपथपत्र लिहून दिले. पण त्याचे एक वर्ष वाया गेले, ते आम्हांस परत देता आले नाही.

असे घोळ आपल्याकडेच होतात असे नव्हे. कॅनडातील फ्रेंच लोकांतही मूळ आडनावास दुसरे उपनाव जोडण्याची चाल होती, आणि पुढे एकाच घराण्याच्या शाखा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या गेल्या. त्यांच्यातीलच अकेडियन लोकांस १७५५ पासून इंग्रजांनी देशोधडीस लावले. त्या धामधुमीत ग्रां-प्रे गावच्या चर्चची जन्म-विवाहांची पुस्तके काही निर्वासितांनी बरोबर नेली, आणि ती दूर लुइझियानात टिकून राहिली. घरदार सुटले असता वही जपणाऱ्या त्या माणसांपुढे आमचे मस्तक नम्र होते.

त्या फ्रेंच नोंदींत विवाहित स्त्रीही माहेरच्याच नावाने लिहिलेली असते. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते ते बदलतेच, पुष्कळदा पाळण्यातले नावही पुसले जाते. आमच्या खापरपणजीचा शोध आम्हांस एकाच कागदात लागला. तेथे 'मुसम्मात' म्हणून आरंभ व 'बेवा' म्हणून पुढे पतीचे नाव! म्हणजे नवरा वारला, जमीन नावे झाली, म्हणूनच सरकारास ती बाई दिसली. ती कोणत्या गावची, कोणाची लेक, याचा पत्ता घरात कोणासही सांगता आला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नावही लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला, तो आम्हांस म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

आमच्या मातोश्री हयात असताना आम्ही त्यांस त्यांच्या आजीचे माहेर कधी विचारले नाही. येथे बसलेल्या वृद्ध भगिनींपाशी अशी पुष्कळ नावे असतील. मंडपाच्या दाराशी एक कोरी वही ठेविली आहे. लिहिता येत नसल्यास आम्हांस सांगावे. जसे सांगाल तसेच, काडीमात्र 'शुद्ध' न करता, आम्ही उतरवून घेऊ.