माना कॅम्प : छावणीत चूल कशावर पेटते?



रायपूरला विमानाने आलात, तर तुम्ही उतरता ते माना इथे. विमानतळाजवळच्या एका वस्तीला लोक आजही 'माना कॅम्प' म्हणतात. छावणी उठून चार दशकांहून जास्त काळ लोटला, पण नाव काही उठलं नाही. आज मला बोलायचंय ते या नावामागच्या माणसांबद्दल. एकच प्रश्न धरून बोलतो : निर्वासित माणूस छावणीत वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा त्याची चूल कशावर पेटते?

१९६४ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या. खुलना, ढाका या भागांतून लाखो माणसं भारतात आली. त्यातले बरेचसे नमशूद्र शेतकरी आणि कोळी. पश्चिम बंगालमध्ये जागा नाही म्हणून त्यांना रेल्वेत बसवून रायपूरला आणलं. माना ही 'ट्रान्झिट' छावणी, म्हणजे वाटेतला मुक्काम. पुढचं ठिकाण होतं दंडकारण्य. तिथल्या वसाहतींसाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं होतं. बस्तर आणि ओडिशातल्या कोरापुटमध्ये जंगल तोडून गावं वसवायची, असा तो बेत. ते जंगल आदिवासींचं होतं, हेही विसरायला नको.

वाटेतला मुक्काम अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं लांबला. सरकार 'डोल' द्यायचं, म्हणजे थोडी रोख आणि शिधा. विधवा, म्हातारे, अपंग यांची सरकारी कागदावर वेगळी वर्गवारी होती : 'कायमची जबाबदारी'. विचार करा, माणसाची नोंदच ओझं म्हणून! डोलने माणूस जगतो, यात वाद नाही. पण त्यातून बी-बियाणं येत नाही, जाळं विकत घेता येत नाही, पोरीच्या लग्नाला चार पैसे मागे पडत नाहीत.

मग जमीन मिळाली. ती कशी? या लोकांचा जन्म नद्यांच्या मुखाशी गेलेला. गाळाची जमीन, दारात पाणी, पाण्यात मासा. इथे हाती आली माळाची, मुरमाड जमीन, तीही पावसाच्या भरवशावर. प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले शैवालकुमार गुप्ता यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं, की अशा जमिनीवर बहुतेक कुटुंबांचं भागणार नाही. १९७८ मध्ये हजारो कुटुंबं होतं नव्हतं ते विकून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटाकडे निघाली. १९७९ मध्ये पोलिसांनी त्यांना तिथूनही हुसकावलं. त्यात माणसं मेली. पाण्याकडे परत जाण्याची किंमत त्यांनी अशी मोजली.

जे मागे राहिले, त्यांचं काय? कांकेर जिल्ह्यातल्या पखांजूरला जाऊन बघा. आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे. तिथल्या गावांना अजून 'पीव्ही' आणि पुढे आकडा अशी नावं आहेत. पीव्ही म्हणजे परलकोट व्हिलेज. पण आज हा भाग मासळीसाठी ओळखला जातो. तळी खोदली, जलाशय झाले, आणि आजोबांची विद्या नातवांच्या कामाला आली. पाणी मिळताच कसब जागं झालं. डोलला हे कधीच जमलं नव्हतं.

आता दुसरं उदाहरण, तेही छत्तीसगडचंच. सरगुजातल्या मैनपाटच्या पठारावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिबेटी राहतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची अशीच वसाहत आहे. शेती आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणून थंडीत हे लोक शहरोशहरी स्वेटर विकायला बसतात. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्याकडून घेतला असेल. हा माल ते हाताने विणत नाहीत, तो येतो लुधियानाहून. आणि बराचसा उधारीवर! हंगाम संपला की हिशेब चुकता. तारण काय? तर पिढ्यान् पिढ्यांचा शब्द.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली, की मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, बाजारापर्यंत जाण्याची मुभा. दुसरी, उधारी देणारा कुणीतरी. आणि तिसरी, कागद. मुंबईजवळच्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, कारण सिंध्यांकडे व्यापाराचं कसब होतं आणि दाराशी रेल्वे होती. मानाच्या लोकांना पाठवलं ते बाजारापासून शेकडो किलोमीटर दूर. केनियातल्या काकुमा छावणीत निर्वासितांना मोकळेपणी फिरायला मनाई होती, तरी २०१८ च्या एका पाहणीत तिथे दोन हजारांहून अधिक दुकानं आढळली. म्हणजे माणूस हात बांधून बसत नाही. आपण त्याचे हात बांधतो.

कागदाचं दुखणं तर अजून चालू आहे. नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो. छत्तीसगडमध्ये आणि महाराष्ट्रात मोडत नाही. तोच माणूस, तीच जात. सरकारने त्याला गाडीत बसवून इकडे आणलं आणि वाटेत त्याचा हक्क गळून पडला. त्याच्या नातवाला आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ते कळतं.

म्हणून मंडळी, यापुढे कुठल्याही छावणीची बातमी वाचाल तेव्हा किती धान्य पोचलं, हे जरूर विचारा. पण लगेच पुढचं विचारा : या माणसाला कुठलं काम येतं? ते काम करायची त्याला मुभा आहे का? आणि त्याच्या हातात कागद कुठला आहे? ही उत्तरं मिळाली नाहीत, तर वाटेतला मुक्काम हाच त्याचा पत्ता होऊन बसतो. मानाचा झाला, तसा.