गाडी विकली, नाव राहिलं



मागच्या वर्षी एका दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि मोबाइल वाजला. ट्रॅफिकच्या चलनाचा मेसेज. नंबर माझ्या जुन्या स्कूटीचा, जी मी ८ महिन्यांपूर्वीच विकली होती. असल्या मेसेजमधल्या लिंकची मला भीती वाटते, म्हणून लेकीने पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. फोटोत तीन पोरं ट्रिपल सीट, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. आम्ही हसलो. रात्री जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हसतेस काय? हीच पोरं कुणाला धडकली असती तर?" आणि माझं हसू तिथंच थांबलं. कारण विमा कधीच संपला होता.

झालं होतं असं. एसटी स्टँडजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मी स्कूटी दिली. मालकाने रोख पैसे मोजून दिले, फॉर्म पुढे केले, म्हणाला, "ताई, इथे-इथे सह्या करा, बाकी आम्ही भरतो." विकत घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. मी केल्या सह्या. भिंतीवर गुमास्ता लावलेला होता, म्हटलं दुकान रीतसर आहे.

इथेच माझी चूक झाली. गुमास्ता म्हणजे दुकान नोंदलेलं आहे, एवढंच. जुन्या गाड्यांचा विक्रेता म्हणून आरटीओचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. विक्रेत्याने आरटीओकडे अर्ज करायचा, मग त्याला फॉर्म २९ बी मध्ये प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत ५ वर्षं. नियम मोडले तर ते रद्दही होऊ शकतं.

आता आपल्या कामाचा कागद ऐका, फॉर्म २९ सी. गाडी दुकानदाराच्या ताब्यात दिली, हे तुम्ही आणि त्याने मिळून पोर्टलवर ऑनलाइन कळवायचं. ते झालं की तो अधिकृत विक्रेता गाडीचा मानीव मालक ठरतो. मानीव म्हणजे पुस्तकावर नाव अजून तुमचंच, पण कायदा मालक त्याला धरतो. गाडीची कागदपत्रं आणि त्यानंतर घडेल ते, ही जबाबदारी त्याची. त्याने ती गाडी भाजी आणायला न्यायची नाही. गिऱ्हाइकाला चालवून दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी असल्या कामांनाच बाहेर काढायची. कोण घेऊन गेलं, कशासाठी, किती किलोमीटर, याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची. आरटीओला विचारायला जागा राहते ती या नोंदीमुळे. माझ्या दुकानदाराकडे यातलं काहीच नव्हतं.

जाऊबाईंची भीती खोटी नव्हती, हेही सांगते. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली, पुढे ती आणखी काही हातांत गेली, नाव मात्र बदललं नाही. २००९ मध्ये तिने अपघात झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये निकाल लागला, की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. विमा चालू असेल तर कंपनी भरते. नसेल तर?

दुकानदार अधिकृत नसेल आणि तरी त्याच्यामार्फत विकायचीच असेल, तर खरा घेणारा समोर येईपर्यंत फॉर्म २९ आणि ३० वर सही करू नका. त्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरून घ्या, आधारची झेरॉक्स घ्या, आणि गाडी किती वाजता दिली ते लिहून त्याची सही घ्या. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

ज्या बहिणींची गाडी दिवंगत पतीच्या नावावर आहे, त्यांनी ती तशीच दुकानात देऊ नये. आधी वारस म्हणून आपल्या नावावर करून घ्यायची. त्याचा फॉर्म ३१, मुदत ३ महिने. "साहेबांची सही आम्ही मारतो," असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

माझं पुढे काय झालं? आरटीओत लेखी अर्ज दिला, माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. त्या शिक्क्याची प्रत घेऊन दुकानात गेले, तेव्हा कुठे आठ-आठ दिवसांची "होईल ताई" थांबली आणि घेणाऱ्याचा पत्ता निघाला. चलनाचे पैसे मात्र मीच भरले. नाव बदलायला ४ महिने लागले.

तुमचीही एखादी गाडी अशीच गेली असेल, तर एम-परिवहन अ‍ॅपवर तिचा नंबर टाकून बघा. मालकाच्या नावात काही अक्षरांच्या जागी फुल्या दिसतात, पण आपलं नाव आपल्याला फुल्यांतूनही ओळखू येतं. परवा मी माझ्या स्कूटीचा नंबर टाकला. पहिलंच अक्षर वेगळं होतं.