गिरणगावातील नवी गुंतवणूक आणि आपला वाटा

(मंडळाच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शहराच्या मध्यभागातील गुंतवणूक व आर्थिक विकास' असा भारदस्त विषय मंडळाने आम्हाला दिला आहे. जगभरातल्या शहरांची उदाहरणे देऊन यावर तासभर बोलता येईल. पण ज्या शहराचा मध्यभाग आपल्याच माणसांनी घाम गाळून उभा केला, ते उदाहरण दाराशी असताना दूर जाण्याचे कारण नाही. म्हणून परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, दादर एवढ्याच पट्ट्याबद्दल आम्ही बोलणार आहोत. एकेकाळी याला गिरणगाव म्हणत. आता जाहिरातींमधून त्याला वेगवेगळी इंग्रजी नावे दिली जातात. नाव बदलले की किंमत वाढते, हाही अर्थशास्त्राचाच एक धडा समजावा.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत भोंग्यांचे राज्य झाले. त्या काळी ही जागा शहराच्या कडेला होती. शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि कडेची जागा आपोआप मध्यभागी आली. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या व्यवहाराचे मूळ त्यात आहे. गिरणीमालकाने यंत्रे आणली, कापड काढले, नफा घेतला. पण जागा मध्यभागी आली ती त्याच्या कर्तबगारीने नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंनी रेल्वे गेली, नगरपालिकेने पाणी आणि रस्ते दिले, लाखो माणसे चाळींतून राहिली, म्हणून ती मध्यभागी आली.

आता आपला त्या गिरण्यांशी संबंध काय होता, ते पाहू. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आपल्या माणसांना गिरणीत काम मिळाले, पण प्रत्येक खात्यात नाही. रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या इतर खात्यांत त्यांना घेत. विणकाम खात्यात, म्हणजे जिथे साचेवाल्याला चांगला पगार होता तिथे, प्रवेश नव्हता. कारण काय? कांडी संपून नवी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असलीच पाहिजे असा आग्रह धरला. कामगारांची एकजूट हवी, पण एकजुटीच्या नावाखाली एका वर्गाने कमी पगारावरच राहायचे हे त्यांना मान्य नव्हते.

हा इतिहास आम्ही जुनी जखम उकरण्यासाठी सांगत नाही. एखाद्या भागात भांडवल आले, रोजगार वाढला, एवढे ऐकून आपण टाळ्या वाजवायच्या नसतात. कोणत्या खात्यात कोणाला घेतले, हे विचारायचे असते. हा प्रश्न १९२८ साली जेवढा महत्त्वाचा होता तेवढाच आजही आहे. फरक एवढाच की, आज खात्याच्या दारावर जात लिहिलेली नसते. तिथे पदवी, इंग्रजी आणि ओळख लिहिलेली असते.

बाबासाहेब उद्योगांच्या विरुद्ध नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी मांडले की, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पडून आहेत आणि त्यावरचा खरा उपाय उद्योगीकरण हाच आहे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस परळच्या बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिला. त्यामुळे भांडवल आले की विरोध करायचा, ही त्यांची शिकवण आहे असे जे म्हणतात त्यांनी ते लेखन एकदा उघडून पाहावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. कित्येक कुटुंबे गावी गेली, कित्येकांनी भांडी विकली. संप चुकला की बरोबर होता, यावर आपल्या वस्तीत आजही दोन मते आहेत आणि तो वाद आम्ही येथे काढत नाही. आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट वेगळी आहे. संपानंतर मालकांच्या लक्षात आले की, गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची आहे. सुमारे सहाशे एकर जमीन, आणि तीही शहराच्या ऐन मध्यावर!

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी एक नियम करण्यात आला. स्थूलमानाने सांगायचे तर जमिनीचे तीन हिस्से करायचे होते : एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले. दिसायला चार शब्दांचा बदल. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. पंधरा एकरांची गिरणी आहे आणि त्यात मोकळी जागा फक्त तीन एकर आहे असे धरा. जुन्या नियमाने मैदानाला पाच एकर मिळाले असते. नव्या नियमाने एक एकर. उरलेल्या चार एकरांवर ज्या मुलांनी खेळायचे होते ती मुले कुठे खेळतात, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. या बदलाविरुद्ध लोक न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. लोअर परळच्या मुंबई टेक्सटाईल मिलची सुमारे सतरा एकर जमीन २००५ साली ७०२ कोटी रुपयांना गेली. तीच जमीन २०१२ साली पुन्हा विकली गेली ती सुमारे २,७०० कोटींना. सात वर्षांत जवळजवळ चौपट! त्या सात वर्षांत मातीत काही सोने उगवले नव्हते. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली सुरू झाला, आजूबाजूला कचेऱ्या उभ्या राहिल्या, बँकांनी कर्जे दिली, मागणी वाढली. म्हणजे किंमत समाजाने वाढवली आणि कागदावर ज्याचे नाव होते त्याच्या खिशात ती गेली. अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. न कमावलेली कमाई, असे आपल्या भाषेत म्हणू.

मग गिरणगावाचे भले झालेच नाही का? असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, दुकाने, रुग्णालये, प्रसारमाध्यमांची कार्यालये आली. रोज सकाळी या भागात कामाला येणाऱ्यांची गर्दी पाहिली तर कोणी या भागाला मेलेला भाग म्हणणार नाही. भुयारी मेट्रो मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. काम आहे, पैसा आहे. पण ते काम करायला येणारी माणसे बाहेरून येतात, आणि चाळीतला मुलगा त्याच इमारतीच्या दारावर गणवेश घालून उभा असतो. त्याच्या वडिलांना गिरणीत बदली म्हणून का होईना, पुढे कायम होण्याची आशा होती. कायम झाले की फंड होता, ग्रॅच्युइटी होती, युनियन होती. मुलाला ठेकेदार आहे. ठेका बदलला की नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू. मित्रांनो, जे अशा नोकरीत आहेत त्यांनी निदान एक करावे : आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात ठेकेदार दरमहा रक्कम भरतो की नाही, ते स्वतः पासबुकात पाहावे. पगारातून कापले म्हणजे भरले असे नसते.

गुंतवणूक खासगी जागेत आली आणि सार्वजनिक जागेत आली नाही की काय होते, ते २०१७ साली दिसले. २९ सप्टेंबरला त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. काचेच्या इमारती वाढल्या, माणसे वाढली, पूल तेवढाच राहिला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात छतावरच्या उपाहारगृहात आग लागून १४ जण मेले.

येथे आम्हाला एका वेगळ्या गुंतवणुकीची आठवण करून द्यायची आहे, कारण मोठ्या आकड्यांच्या गर्दीत ती हरवते. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीवर, जबर व्याजाने सामान घेत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. रक्कम लहान होती. पण वाण्याचे व्याज सुटले की ती रक्कम घरात राहिली, आणि घरातून मुलांच्या शाळेत गेली. शहराच्या मध्यभागी आलेल्या एका रुपयातला किती हिस्सा तिथल्या घरात राहतो, हे आमच्या मते विकासाचे खरे माप आहे. या मापाने मोजले तर खानावळीचा रुपया मॉलच्या रुपयापेक्षा मोठा ठरतो.

घरांचे काय झाले? गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज करणारे म्हातारे झाले, काही वारले, आता नातवंडे फाईल सांभाळत आहेत. इंदू मिलची साडेबारा एकर जमीन मात्र बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते आत शिरले नसते तर ती इतक्या लवकर मिळाली असती असे आम्हाला वाटत नाही. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे भूमिपूजन झाले.

आणि आता बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील या चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या. पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचे घर मिळते आहे आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या. ही आनंदाची गोष्ट आहे आणि आनंद मोकळेपणाने मानावा. पण चाळीत उद्वाहन नव्हते, टॉवरमध्ये आहे. पाणी वर चढवायला पंप आहेत, अग्निशमनाची यंत्रणा आहे, जिन्यात दिवे आहेत. या सगळ्याचा खर्च दरमहा येतो. पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ आहे, देखभाल खर्च माफ नाही. ज्या घरात एकच पगार आहे, तोही ठेक्याचा, त्या घराने तीन महिने देखभाल भरली नाही की काय होते? आधी सोसायटीची नोटीस येते, मग भांडणे होतात, मग दलाल येतो आणि मोठ्या रकमेचा आकडा सांगतो. ते पैसे घेऊन माणूस विरारच्या पुढे जातो. आपल्याच चाळीच्या जागेवरून आपणच बाहेर पडायचे, हेही त्या अनर्जित वाढीचेच दुसरे टोक आहे.

म्हणून ज्या इमारतींचे काम अजून व्हायचे आहे तिथे फक्त किती चौरस फूट मिळणार एवढेच विचारून चालणार नाही. देखभालीसाठी कायम निधी किती ठेवला जाणार, तो कोणाच्या नावावर असेल, त्याचे व्याज पुरेल का, संक्रमण काळातले भाडे किती महिन्यांचे आहे, करारनामा नोंदवला आहे का, हे लेखी विचारले पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याकडे आहे, तो फक्त भाषणात वापरू नये. सोसायटीच्या कमिटीवर निवडून येण्यासाठी धडपडणारे पुष्कळ असतात, ताळेबंद वाचणारा एकही नसतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या इमारतीचे हिशेब पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. आयटीआयवाल्यांनी उद्वाहन, पंप आणि अग्निशमन यंत्रणेचे काम शिकावे. हे काम आपल्याच इमारतींत पुढची पन्नास वर्षे राहणार आहे आणि आज ते बाहेरच्या कंपन्यांकडे जाते. आपली मुलेच सहकारी संस्था काढून ते का घेऊ शकत नाहीत, याचा विचार मंडळाने करावा.

वेळ बराच झाला आहे आणि प्रश्न विचारणारेही बसले आहेत. ज्यांच्या इमारतीचा करारनामा यायचा आहे किंवा आला आहे, त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी त्याची एक प्रत घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. आम्ही तिथे असू. प्रत्येक कलम मोठ्याने वाचू, अडेल तिथे वकिलांना विचारू.

जयभीम.