अंगठा आपला, निर्णयही आपलाच पाहिजे
(गावबैठकीत केलेले भाषण)



मी बारावी शिकलो. गावात कागद आला की सगळे म्हणतात, "त्याच्याकडे न्या." ऐकायला बरं वाटतं. पण आज मी माझी चूक सांगायला उभा आहे.

१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळण्यासाठी १९७४ चा कायदा आहे. माझ्या काकांची जमीन तशीच गेलेली. मी अर्ज लिहिला, काकांचा अंगठा घेतला. वाचून दाखवला नाय. काकी चुलीपाशी होती, तिला विचारलंसुद्धा नाय.

काका बोलले, "सावकार पण असाच बोलायचा. लाव अंगठा, तुझ्याच भल्याचं आहे. मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय रं?"

मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी अर्ज आपल्या बोलीत वाचला. काकांनी विचारलं, पैसे किती भरायचे? स्वतः कसणार असं लिहून द्यायचं, तर बैल कुठून आणायचे? काकी बोलली, बैल माझा भाऊ देईल. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग काकांनी अंगठा लावला. तो अंगठा त्यांचा होता.

लग्नगडी आठवा. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबायची. कधी उठायचं, कुठं जायचं, सगळं तो ठरवायचा. १९४५ साली आपले वारली लोक याच्याविरुद्ध उठले. ते काय आपल्यातलाच नवा मालक करायला उठले नव्हते.

कोणी म्हणेल, माझी जमीन, मी एकटा ठरवीन. ठरव. पण सावकार आपल्याला एकेकटं का गाठतो? कर्जात, दारूत, रात्री का गाठतो? घाबरवून घेतलेला अंगठा आपला नसतो. चार माणसांत विचारून, समजून, मग स्वतः "हो" किंवा "नाय" बोलणं, हे आपलं स्वातंत्र्य. जंगल मात्र सगळ्यांचं. त्याचा निर्णय एकट्यानं करायचा नाय, पुढाऱ्यानंही नाय.

परवा तडजोडीचा कागद घेऊन माणूस येणार आहे. माझं म्हणणं एवढंच:

कागद सगळ्यांसमोर आपल्या बोलीत वाचायचा.
एक रात्र घरी ठेवायचा.
घरातल्या बाईला विचारल्याशिवाय अंगठा नाय.

आणि मी घाई केली, तर मलाही थांबवा.

जिंदाबाद!