कार्डाचे पॉइंट आणि विमानाचे तिकीट
(महोत्सवानिमित्त सभासदांपुढे केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे, अशी अपेक्षा असते. परंतु कार्यवाहांनी मला विषय दिला तो धंद्याच्या क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या पॉइंटांचा, आणि त्यांतून विमानप्रवास कसा साधावा याचा. आरंभी मला हसू आले. मग ध्यानात आले, की विषय आपल्या दारातच येऊन उभा आहे. पेडण्यात मोपा येथील मनोहर विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. पेडणे-डिचोलीच्या दुकानदाराला विमान ही आता नुसती मान वर करून पाहण्याची वस्तू राहिलेली नाही.

पॉइंट म्हणजे काय? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माप भरल्यावर विकणारी बाई वर मूठभर घालते, तीच ही मूठ. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या उतारूंच्या मैलांचा हिशोब ठेवून बक्षीस देण्याची योजना काढली. पुढे बँकांनी ती रीत कार्डांना जोडली. परंतु ही मूठ येते कोणाच्या पोत्यातून? आपण कार्डाने शंभर रुपये देतो, तेव्हा विकणाऱ्याच्या पदरी पुरते शंभर पडत नाहीत. मधला वाटा बँका घेतात आणि त्याचाच एक अंश आपणांस परत मिळतो. शिवाय जे वेळेवर बिल भरत नाहीत, त्यांच्या व्याजाचीही त्यात भर असते. हे समजले म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, धंद्याचा खर्च चार कार्डांवर विखरू नये. ठराविक खर्चानंतर मिळणारे जादा पॉइंट एका कार्डावर लवकर पदरात पडतात. दुसरी, कोणत्या खर्चावर पॉइंट नाहीत, ते आधी वाचावे. पेट्रोल-डिझेल, भाडे, वॉलेटमधील भरणा यांवर पुष्कळ बँका ते देत नाहीत. तिसरी, घाऊक व्यापारी रोखीवर शेकडा दोन रुपये सूट देत असेल, तर शेकडा एक रुपयाच्या पॉइंटांसाठी कार्ड पुढे करणे हा तोट्याचा सौदा होय. चौथी, पॉइंट देऊन मिक्सर किंवा घड्याळ घेण्याआधी, तेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवून काय पडते ते ताडून पाहावे. बहुधा तिकीटच किफायतीचे ठरते. मात्र पॉइंटांच्या तिकिटावरही कर व आकार रोख भरावे लागतात. पाचवी, पॉइंट लोणच्यासारखे मुरवत ठेवू नयेत. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. कंपनीची पाटी बदलली, की नियमही बदलतात.

आणि सहावी गोष्ट सर्वांत मोठी. डिचोलीतील माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या आनंदाने मला आपले पॉइंट दाखवू लागला. मी विचारले, "बाळ, बिल पुरते भरलेस का?" तो म्हणाला, "सर, किमान रक्कम भरली." मग आम्ही जुन्या सवयीने कागद घेऊन बसलो. महिन्याचा खर्च एक लाख. शंभर रुपयांस दोन पॉइंट, म्हणजे दोन हजार पॉइंट. एका पॉइंटाचे मोल पन्नास पैसे धरले, तर प्राप्ती १,००० रुपये. आता एक लाख एक महिना थकले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये. एकूण ४,१३० रुपये. चार महिन्यांची कमाई एका महिन्याच्या थकबाकीत गेली! शिवाय बाकी असेतो नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, ते वेगळेच. विद्यार्थी काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात घातला.

मी मुसलमान, व्याज मला वर्ज्य. पण धर्म बाजूला ठेवला, तरी नुसते अंकगणितही तेच सांगते. डिचोलीकरांना हे मी का सांगावे? २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा दारात उभे ट्रक आणि डोक्यावर हप्ते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मिळकत थांबते, व्याज थांबत नाही. म्हणून बिलाची तारीख आपल्या वसुलीनंतर येईल अशी बँकेकडून बदलून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ती मुभा दिलेली आहे. जो खर्च एरवीही झालाच असता, तोच कार्डावर घालावा. पॉइंटांसाठी खर्च करणे म्हणजे मुठीसाठी पोते विकत घेणे.

शेवटी या संस्थेपुरते एक. भागीदारीच्या पेढीचा माल एका भागीदाराने स्वतःच्या कार्डावर घेतला, तर पॉइंट कोणाचे? संस्थेच्या वह्या-पुस्तकांचे बिल एखाद्या पदाधिकाऱ्याने आपल्या कार्डावर भरले आणि पैसे संस्थेकडून घेतले, तर ते पॉइंट कोणाचे? माझ्या मते ज्याचा पैसा, त्याचीच ती मूठ. आमच्याकडे यास अमानत म्हणतात. आपण विश्वस्त म्हणता. शब्द दोन, अर्थ एक. विश्वस्त मंडळाने याविषयी ठराव करून टाकावा, आणि असे पॉइंट कधी साठलेच, तर परीक्षेस वा मुलाखतीस परगावी जाणाऱ्या एखाद्या गरीब मुलीच्या तिकिटासाठी खर्चावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. मोप्याहून उडालेल्या त्या विमानात ती बसेल, तेव्हा आपल्या हिशोबाचे चीज झाले असे मी समजेन.